फोमचा पंख सरळ करूनही पुन्हा पीळ का खातो? (समस्या निवारण)

तक्रार नेहमी साधारण एकाच तऱ्हेची असते. रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानासाठी बाल्साच्या हलक्या लाकडाऐवजी एक्सपीएस (पॉलिस्टायरीन फोमचा बोर्ड) किंवा थर्माकोलचा कोअर म्हणजे गाभा, त्यावर ग्लास क्लॉथ (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि इपॉक्सी रेझिन, आत कार्बनची नळी असा पंख बनवला. बनवला तेव्हा सरळ होता. आठ-पंधरा दिवसांत एका बाजूची मागची कड टोकाशी दोन-तीन मिलिमीटर उचलली गेली. हाताने उलटा पिळला, हेअर ड्रायर मारला, तासभर बरा दिसला आणि पुढच्या रविवारी मैदानावर पुन्हा तोच तिरकेपणा. मग कुणीतरी सांगितलं म्हणून 6 मिमीऐवजी 8 मिमीची नळी घातली. वजन वाढलं, पीळ मात्र जिथल्या तिथे.

यातली मुख्य गोष्ट आधी सांगतो. पंखाचं वाकणं नळी थांबवते, पीळ थांबवते ती स्किन, म्हणजे कोअरवरचं कापड-रेझिनचं कवच. बाल्साच्या पंखात ही दोन्ही कामं नकाशातच नीट वाटून दिलेली असतात. स्पार म्हणजे लांबीभरची मुख्य दांडी असते, आणि पुढच्या कडेपासून स्पारपर्यंत वर-खाली बाल्साची दीड मिमीची पत्री चिकटवून, मधे शिअर वेब (उभी पट्टी) घालून बंद डी-बॉक्स (इंग्रजी डी अक्षरासारखी पेटी) केलेला असतो. फोमकडे वळताना बरेच जण स्पार तेवढा उचलतात आणि डी-बॉक्सचं काम कोण करणार हे ठरवायचं राहून जातं.

आधी तो पीळच आहे ना, ते पाहा

सपाट जागा लागते. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा किंवा 10 मिमी जाडीची काच उत्तम. जेवणाचं टेबल बहुधा सपाट नसतं. एलेरॉन (मागच्या कडेचे हलणारे भाग) टेपने न्यूट्रलला, म्हणजे मधल्या स्थितीत, पक्के करा, नाहीतर एलेरॉनचाच तिरकेपणा पंखाच्या नावावर चढतो. रूट (पंखाची विमानाकडची बाजू) ओट्यावर दाबून धरा आणि टोकाशी पुढच्या व मागच्या कडेची उंची स्टीलच्या पट्टीने मोजा. दुसऱ्या बाजूचंही तेच माप घ्या. 200 मिमी कॉर्डला (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीला) 1 अंश म्हणजे साधारण 3.5 मिमी, 150 मिमीला 2.6 मिमी. दोन्ही बाजूंना मागची कड सारखीच वर असेल तर तो वॉशआउट आहे. तो राहू द्या, 2 अंशांपर्यंतचा वॉशआउट ट्रेनरला (शिकाऊ विमानाला) फायद्याचाच. त्रास होतो तो डाव्या-उजव्यातल्या फरकाचा. अर्ध्या अंशापर्यंतचा फरक ट्रिमने (रिमोटवरून एलेरॉन किंचित वळवून ठेवून) निभतो. एका बाजूला वॉशआउट आणि दुसऱ्या बाजूला वॉशइन, म्हणजे टोकाची मागची कड खाली, असं असेल तर ते विमान उडवू नका. लँडिंगला वेग कमी झाला की वॉशइनवालं टोक आधी स्टॉल होतं, म्हणजे उचल गमावतं, आणि विमान त्या बाजूला कोसळतं.

रूटची मापंही घ्या. दोन्ही अर्धे जोडताना एक बाजू अर्ध्या अंशाने चढली असेल तर उडताना लक्षण हुबेहूब पिळाचंच दिसतं, आणि मग आपण पंख पिळत बसतो.

उडवूनही निदान करता येतं, आणि मला ते पट्टीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. भरपूर उंचीवर मोटर बंद करा, म्हणजे टॉर्कचा (मोटरच्या फिरण्याने विमानाला बसणाऱ्या उलट्या झोक्याचा) परिणाम मधे येत नाही. साध्या ग्लाइडला एलेरॉन ट्रिम करा आणि मग उथळ डाइव्ह द्या. ट्रिम तशीच लागू राहिली तर पंख पिळलेला आहे पण कडक आहे. पीळ आणि एलेरॉन दोन्हींचा जोर वेगाबरोबर सारखाच वाढतो, म्हणून हिशेब बिघडत नाही. वेग कमी केल्यावर विमान एका बाजूला झुकू लागलं, तर त्या बाजूचा पंख जड असण्याची शक्यता जास्त. स्पिनर (प्रोपेलरच्या मधली टोपी) आणि शेपटीखाली एकेक बोट ठेवून विमान उचला, जड बाजू लगेच खाली जाईल. आणि डाइव्हमध्ये वेग वाढेल तसा तिरकेपणा वाढत गेला, किंवा एलेरॉन मंद वाटू लागला, तर पंख पिळायला मऊ आहे. जमिनीवर तो सरळ दिसेल, हवेत पिळेल. असा पंख सरळ करत बसण्यात अर्थ नाही, तो कडक करावा लागतो. हे पुढे ढकलू नका, कारण याच मऊ पंखाला पुढे फ्लटर (वेगात आपोआप वाढत जाणारी फडफड) लागतो.

नळीने पीळ का जात नाही

हॉबी दुकानात मिळणारी बहुतेक कार्बन नळी पुलट्रूडेड असते. तिचे जवळजवळ सगळे धागे लांबीच्या दिशेने असतात, म्हणून ती वाकायला अतिशय कडक आणि पिळायला त्या मानाने फार मऊ. शिवाय 6-8 मिमी व्यासाची नळी पंखाच्या छेदात (आडव्या कापात) अगदी छोटी जागा व्यापते. पिळाला विरोध किती होणार हे बंद छेदाने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गावर अवलंबून असतं. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत पसरलेली स्किन हा पंखातला सर्वांत मोठा बंद छेद असतो, त्यामुळे ती पातळ असूनही जाड नळीपेक्षा कितीतरी जास्त काम करते.

पण छेद बंद असेल तरच. ए-फोर कागदाची गुंडाळी करून कडेला टेप न लावता पिळून पाहा, ती हातात सहज फिरते. लांबीभर टेप लावून जोड बंद करा आणि पुन्हा पिळा. आता ती कडक लागते, आणि फार जोर केला तर पिळण्याऐवजी चुरगळते. पंखाचंही असंच होतं. वरचं आणि खालचं कापड पुढच्या कडेला नुसतं भिडवून सोडलं आणि पॉलिश करताना तो जोड घासला गेला, तर बंद छेदाची चीर पडलेली नळी होते. सर्व्होचा (एलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) खड्डा, वायरसाठी पाडलेली लांब खाच, एलेरॉन कापल्यावर उघडी राहिलेली मागची बाजू, या सगळ्या चिराच आहेत.

दुसरी बाब धाग्यांच्या दिशेची. साध्या विणीचं कापड रोलवरून सरळ कापून लावलं की धागे स्पॅनच्या (पंखाच्या लांबीच्या) दिशेने आणि कॉर्डच्या दिशेने जातात. पीळ बसताना स्किन ताणली जाते ती 45 अंशांत, आणि त्या दिशेला एकही धागा नसतो. मग सगळा भार रेझिनवर. तेच कापड 45 अंशांत फिरवून लावा. वजनात एका ग्रॅमचाही फरक पडत नाही आणि पंख पिळायला ठळकपणे कडक होतो. वाकण्याचं काम कार्बन करतोच आहे, त्यासाठी काचेचे सरळ धागे लागत नाहीत. एवढा एक बदल केला तरी या तक्रारीतला मोठा भाग निकालात निघतो.

कापडाचा हिशेब असा: 600 मिमी लांब आणि 230 मिमी रुंद तुकडा तिरका कापायला साधारण 590 मिमीचा चौकोन लागतो, म्हणजे 1 मीटर रुंदीच्या रोलमधून तो आरामात निघतो. तिरकं कापलेलं कापड उचलताना लांबतं आणि अरुंद होतं. म्हणून कापण्याआधी कडांच्या रेषेवर मास्किंग टेप लावा, टेपच्या मधोमध कापा आणि कापड गुंडाळून उचला.

पीळ आत शिरतो कुठून

पहिली जागा म्हणजे ब्लॉक. गच्चीच्या उष्णतारोधनासाठी मिळणाऱ्या 50 मिमी एक्सपीएस बोर्डाला दोन्ही अंगांनी दाट साल असते आणि आत ताण कोंडलेला असतो. एकाच बाजूची साल काढली की बोर्ड धनुष्यासारखा वाकतो. दोन्ही बाजूंनी 3-4 मिमी काढा, रात्रभर मोकळा ठेवा आणि मगच प्रोफाइल (पंखाच्या छेदाचा आकार) कापा. थर्माकोलमध्ये हा त्रास कमी, पण टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगचा घेऊ नका. त्याचे दाणे सैल असतात आणि घनता जागोजागी बदलते. घनमीटरला 16 ते 20 किलोचा ब्लॉक मागा.

दुसरी जागा म्हणजे फोम कापायची तापलेली तार. सनमायकाचे टेम्पलेट (पंखाच्या छेदाच्या आकाराचे साचे), 0.4-0.5 मिमी नायक्रोम आणि वीजपुरवठ्यावर नियंत्रण एवढ्यावर काम होतं, पण घाई केली की तार मधोमध मागे रेंगाळते आणि टोकांना पुढे जाते. कापलेल्या कडेवरून कोळिष्टकासारखे बारीक धागे निघत असतील तर वेग आणि उष्णता जमली आहे असं समजा. धागे नाहीत आणि तारेला कमान पडते आहे, तर वेग कमी करा. कॉर्ड निमुळती असेल तर टेम्पलेटवर दोन्हीकडे सारख्याच संख्येच्या खुणा करा आणि दोघांनी आकडे मोठ्याने म्हणत तार चालवा. रूटची तार सहावर असताना टोकाची आठवर असेल, तर पीळ कापतानाच बसला, आणि तो कोणत्याही दुरुस्तीने जाणार नाही. वितळणाऱ्या पॉलिस्टायरीनचा धूर वाईट असतो, खिडक्या उघड्या ठेवा.

तिसरी जागा, आणि इथेच सर्वांत जास्त पंख बिघडतात: एका बाजूची स्किन आज, दुसरीची उद्या. रेझिन सुकताना थोडं आकसतं. पाणी घातलेल्या फेविकॉलवर खाकी कागद लावला असेल तर कागद खूपच आकसतो. आजची बाजू वाळली की कोअर तिकडे ओढला जातो, आणि उद्याची बाजू तो ओढलेला आकारच पक्का करते. दोन्ही बाजू एकाच बैठकीत लावायच्या आणि एकत्रच वाळू द्यायच्या. याला पर्याय नाही.

चौथी जागा रेझिन. लॅपॉक्स एल-12 (रेझिन) आणि के-6 (हार्डनर) यांचं प्रमाण वजनाने 100 ला 10 आहे. तेच मापाने (मिलिलिटरमध्ये) घेतलं तर चुकतं, कारण हार्डनर हलका असतो आणि मापाने त्याचं प्रमाण 12 च्या आसपास जातं. अर्ध्या पंखाला 30 ग्रॅम रेझिन पुरतं, म्हणजे हार्डनर फक्त 3 ग्रॅम. 1 ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या स्वयंपाकाच्या काट्यावर अर्ध्या ग्रॅमची चूक सहज होते, ती इथे 16-17 टक्क्यांची ठरते. असं रेझिन बोटाला कडक लागतं, पण उन्हात नरम पडतं आणि पंख हळूहळू सरकतो. 0.1 ग्रॅम किंवा त्याहून बारीक मोजणारा काटा घ्या. पाच मिनिटांचं इपॉक्सी स्किनला आणि स्पारला वापरूच नका. ते 45-50 अंशांनाच सैल पडायला लागतं आणि मे महिन्यातल्या दुपारी गाडीच्या डिकीत त्याहून जास्त तापमान सहज होतं.

नवा पंख सरळ यावा म्हणून

कोअर कापल्यावर ब्लॉकचे जे वरचे-खालचे तुकडे उरतात, तेच त्या पंखाचे बेड. बरेच जण ते कचऱ्यात टाकतात. त्यांवर लगेच डावा-उजवा, वर-खाली असं लिहून ठेवा. कोणतंही चिकटवण्याचं काम पंख बेडमध्ये आणि बेड सपाट ओट्यावर असतानाच करायचं, स्पारसुद्धा.

नळी आधी काचेवर गडगडवून पाहा. कुठे उचलली जात असेल तर ती बाजूला ठेवा, वाकडी नळी पंखालाही वाकडं करते. खाच जाडीच्या सर्वांत मोठ्या भागात, साधारण 30 टक्के कॉर्डवर घ्या. ती एकाच बाजूने खोल पाडावी लागते, त्यामुळे कोअर तेवढ्यापुरता मऊ होतो, म्हणून बेडमधून उचलण्याआधी नळी चिकटलेली हवी. मायक्रोबलून (सूक्ष्म पोकळ गोळ्यांची हलकी भुकटी) घातलेलं इपॉक्सी चांगलं. फेसाळणारा पॉलियुरेथेन गोंदही चालतो, पण तो फुगताना जोर करतो, तेव्हा वरून वजन ठेवा. फेविक्विक आणि फेविबाँडसारखे सॉल्व्हंटचे गोंद पॉलिस्टायरीनला लावू नका, कोअर विरघळून पोकळी होते. पॉलिएस्टर रेझिनचंही तेच, त्यातलं स्टायरीन थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही खातं. फॅब्रिकेशनवाल्याकडून रेझिन आणत असाल तर ते इपॉक्सीच आहे याची खात्री करून घ्या.

1200 मिमी स्पॅन आणि 220 वरून 180 मिमीवर निमुळती होणारी कॉर्ड असा क्लार्क-वाय (खालून बराचसा सपाट असलेल्या प्रचलित प्रोफाइलचा) पंख धरू. कोअर एक्सपीएसचा असेल तर 115 ग्रॅमच्या आसपास, हलक्या थर्माकोलचा असेल तर 60-65. पृष्ठभाग दोन्ही बाजू मिळून अर्धा चौरस मीटर. चौरस मीटरला 49 ग्रॅमचं कापड घेतलं तर कापड 25 ग्रॅम आणि आत राहणारं रेझिन 25 ते 30 ग्रॅम. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये सहज मिळणारं 200 ग्रॅमचं कापड वापरलं तर नुसती स्किनच 200 ग्रॅमच्या पुढे जाते आणि फोम घेण्यामागचा हेतूच उरत नाही.

लावायची पद्धत: मायलरची (गुळगुळीत प्लास्टिकची) शीट, 0.2 ते 0.3 मिमी जाडीची, पंखाच्या आकारात कापून मेण लावा. तिच्यावर तिरकं कापड पसरून रेझिन स्क्वीजीने (रबरी पट्टीने) ओढा आणि वरून टिश्यू पेपरचा रोल फिरवून जादा रेझिन टिपून घ्या. कापड चमकायचं थांबून नुसतं ओलसर दिसू लागलं की पुरे. स्पारवर रूटपासून अर्ध्या स्पॅनपर्यंत 20 मिमी रुंदीची जादा पट्टी, आणि पुढच्या कडेला 25 मिमी रुंदीची तिरकी पट्टी वरून खाली वळवून. ही दुसरी पट्टी कधीच गाळू नका. तिच्याशिवाय छेद बंद होत नाही. दोन्ही शीट कोअरवर बसवा, मागच्या कडेला वरचं-खालचं कापड एकमेकांना चिकटू द्या, आणि सगळं बेडमध्ये घाला.

आता दाब. 18 मिमी प्लायचा तुकडा वर ठेवून सहा-सात विटा सारख्या अंतरावर रचल्या तरी काम होतं. व्हॅक्यूम बॅग (आतली हवा काढून दाब देणारी पिशवी) असेल तर थर्माकोलला 20 किलोपास्कल, एक्सपीएसला 40 च्या वर जाऊ नका, कोअर चेपतो. बॅगबद्दल एक गैरसमज आहे: बॅग दाबते म्हणजे पंख सरळ राहणार. बॅग सगळीकडून सारखी दाबते. 600 × 230 मिमीच्या तुकड्यावर 20 किलोपास्कल म्हणजे जवळपास 280 किलोचा भार, तरी पंख सपाट ठेवायला त्याची काहीच मदत होत नाही. पंख बॅगेत आडवातिडवा पडला असेल तर तो तसाच, आणि घट्ट, वाळतो. बॅगेत घातलेला पंखही बेडसकट ओट्यावर आणि वर वजन, असाच हवा.

24 तास हलवू नका. मग बेडमध्येच ठेवून 50 अंशांवर सहा ते आठ तास शेका. पुठ्ठ्याचं मोठं खोकं, आत 100 वॅटचा बल्ब, बल्ब आणि पंखाच्या मधे ॲल्युमिनियम फॉइलची आड, आणि तापमापकाचं टोक पंखाला टेकलेलं. तापमान हळू चढवा आणि खोक्याजवळून उठून जाऊ नका. साध्या खोलीच्या तापमानात वाळलेलं इपॉक्सी पहिल्यांदा ज्या उन्हात तापतं, तिथेच त्याचं उरलेलं वाळणं होतं, आणि त्या वेळी पंख कसाही टेकवलेला असला तरी तो आकार त्यात उतरतो. आठ-पंधरा दिवसांनी दिसणारा पीळ बऱ्याचदा हाच. शेकणं घरी, बेडमध्ये झालं तर मैदानावर ते व्हायचं राहत नाही. फोमची मर्यादा 70 अंशांच्या आसपास आहे, 55 च्या वर जाऊ नका.

पंख आधीच पिळलेला असेल तर

हाताने पिळून किंवा ड्रायर मारून होणारी दुरुस्ती टिकत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं, कारण स्किनमध्ये बसलेला आकार तोच राहतो. ग्लास-इपॉक्सीच्या पंखासाठी दोन मार्ग आहेत.

पंख कधीच शेकलेला नसेल तर रूट क्लॅम्प करून टोकाला लाकडी पट्टी बांधा आणि आहे त्याच्या दीडपट उलटा पीळ द्या. 3 मिमी वर असेल तर 4.5 मिमी खाली. त्याच अवस्थेत खोक्यात 50 अंशांवर दोन तास, मग बल्ब बंद करून रात्रभर क्लॅम्पमध्येच थंड होऊ द्या. सोडल्यावर काही भाग परत येतो. मोजा, लागलं तर पुन्हा एकदा करा.

पंख आधी शेकलेला असेल तर या उष्णतेने तो हलणार नाही. मग 240 च्या पॉलिश पेपरने घासा, सरळ करून क्लॅम्पमध्ये धरा आणि त्या अवस्थेत दोन्ही बाजूंना 25 ग्रॅमच्या कापडाचा 45 अंशांतला एकेक थर द्या. अर्ध्या पंखाला सुमारे 13 ग्रॅम वाढतात. नवी स्किन सरळ आकारातच वाळते आणि जुनीला धरून ठेवते. डाइव्हमध्ये पिळणाऱ्या मऊ पंखाचाही हाच उपाय. त्यात किती फरक पडला ते पाहायचं तर आधी आणि नंतर एकच चाचणी करा: रूट पक्का धरून टोकाला आडवी पट्टी बांधा, पंखाच्या मध्यापासून 200 मिमीवर 100 ग्रॅम लटकवा आणि पट्टीचं टोक किती खाली गेलं ते लिहा.

कोअरच वाकडा कापला गेला असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. फोम स्वस्त आहे, नवा कोअर कापा.

इतर फोम

ईपीपीचा (लवचीक पॉलिप्रोपिलीन फोमचा), घनमीटरला 20 किलोच्या आसपासचा पंख आपटायला उत्तम, पण पिळायला फारच मऊ. इथे स्किनचं काम फायबर टेप आणि वरून इस्त्री केलेली लॅमिनेशन फिल्म करते. टेप स्पारवरून लांबीला लावलीच पाहिजे, पण पीळ थांबवते ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची फुली, वर आणि खाली दोन्हीकडे. ताण असमान झाला तर टेपच पीळ देते, आणि तिच्याचकडून तो काढताही येतो. पंखाच्या वरच्या बाजूला रूटपासून टोकाच्या ज्या कोपऱ्याकडे टेप ताणून लावाल, तो कोपरा वर उचलला जातो. टोकाची मागची कड वर गेली असेल, तर वरच्या बाजूला रूटच्या मागच्या कडेपासून टोकाच्या पुढच्या कडेकडे नवी टेप ताणा, किंवा खालच्या बाजूला रूटच्या पुढच्या कडेपासून टोकाच्या मागच्या कडेकडे. आधी विरुद्ध दिशेची जुनी टेप सोडवा, नाहीतर दोघींचं भांडण कोअर सहन करतो.

कागदी फोमबोर्डच्या सपाट पंखात पीळ बहुधा एका बाजूचा कागद सोलल्याने येतो. सोलायचा तर दोन्ही बाजूंचा. खरेदी करताना एक खबरदारी: छपाईच्या दुकानात सनबोर्ड मागितला की बहुधा पीव्हीसी फोमची शीट मिळते. तिची घनता घनमीटरला 500 किलोच्या आसपास असते, म्हणजे 5 मिमी शीट चौरस मीटरला अडीच किलो. वर उदाहरणाला घेतलेला 1200 मिमीचा पंख दोन्ही बाजूंनी तिचा केला तर सव्वा किलोचा होईल. आपल्याला हवा तो दोन कागदांमधला पॉलिस्टायरीन फोम. उचलून पाहिला की फरक हाताला लगेच कळतो.

ऊन आणि पाऊस

नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात गडद रंगाचा पंख उन्हात ठेवला तर वरचा पृष्ठभाग सावलीतल्या तापमानापेक्षा कितीतरी जास्त तापतो, खालचा मात्र थंड राहतो, आणि पंख त्या फरकाने वाकतो. वरची बाजू पांढरी किंवा फिकट ठेवा, दिशा कळावी म्हणून गडद पट्टे खालच्या बाजूला द्या. स्प्रे पेंट मारण्याआधी स्किनची बारीक छिद्रं भरून घ्या, त्यांतून सॉल्व्हंट शिरलं की आतला फोम बसतो.

कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच कागदाची स्किन हवेतलं पाणी घेते आणि रोज वेगळी वळते. तिला वाळल्यावर पाण्यावर चालणाऱ्या वॉर्निशचे दोन हात दोन्ही बाजूंना सारखे द्या, कडांना आणि सर्व्होच्या खड्ड्याच्या आतसुद्धा. दमट हवेत के-6 सारख्या अमाइन हार्डनरवर चिकट मेणासारखा थर येतो. त्यावर पुढचा थर चिकटत नाही, म्हणून कोमट पाण्याने आणि घासणीने धुऊन, कोरडं करून मगच पॉलिश करा. हार्डनरची बाटली वापरून झाली की लगेच घट्ट बंद करा.

घरी विमान भिंतीला एका टोकावर टेकवून ठेवू नका. पंख काढता येत असतील तर बेडमध्ये ठेवा, नसतील तर फ्युजलाजला (विमानाच्या धडाला) दोन जागी आधार देऊन दोन्ही टोकं मोकळी सोडा.